‘हातात धरून केलेली तुलना म्हणजे गप्पा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तो निश्चय दोन दिवस टिकला.

लायका नॉक्टिविड, स्वारोव्स्की एनएल प्युअर आणि झाइस व्हिक्टरी एसएफ या तीन दुर्बिणींची तुलना करणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते सगळ्यांनी वाचलं असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं: ‘हातात धरून केलेली तुलना म्हणजे गप्पा. ट्रायपॉड आणि मागे बूस्टर (प्रतिमा आणखी मोठी करणारी जोड) लावल्याशिवाय प्रतिमेच्या दर्जाबद्दल बोलूच नये. शिवाय दोन दुर्बिणी आठ पटीच्या आणि एक दहा पटीची. आठ पटीचं चित्र शांत वाटणारच, त्यात नॉक्टिविडचं काय कर्तृत्व? प्रकाश किती टक्के पार होतो त्याचे आकडे नाहीत. दृष्टिक्षेत्राचा एक आकडा चुकलाय. वाचून हसू आलं.’

आधी आकड्याबद्दल. चूक माझीच. लायका नॉक्टिविड ८x४२ (आठ पट, समोरचं भिंग ४२ मिलिमीटर) चं दृष्टिक्षेत्र १००० मीटरवर १३५ मीटर आहे. माझ्याकडून १५३ टंकलं गेलं. त्यामुळे ती स्वारोव्स्की एनएल प्युअरच्या १५९ मीटरच्या शेजारी जाऊन बसल्यासारखी दिसत होती, जे खरं नाही. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. मोकळेपणाने मान्य करायला मला कधीच कमीपणा वाटत नाही, आणि इथे नेहमी येणाऱ्यांना ते माहीत आहे.

पण ‘हसू आलं’ हे कशासाठी? आकडा चुकलाय एवढं एका ओळीत सांगता आलं असतं. आपण प्रतिक्रियेत ‘कदाचित लेखकाला ठाऊक नसावं’ हे शब्द तीनदा वापरलेत. मी मोजले. शिकवायला हरकत नाही, पण समोरचा पहिल्याच बाकावर बसलाय असं गृहीत धरून कशाला?

आता ट्रायपॉड. ‘गप्पा’ हा शब्द आपण जिथे वापरलात तिथेच थांबू या.

४२ मिलिमीटरच्या भिंगाची विवर्तनाने (भिंगाच्या कडेशी प्रकाश पसरण्याने) ठरलेली मर्यादा, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सगळ्यांत बारीक तपशील, साधारण ३.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आठ पटीने वाढून ती डोळ्यापर्यंत २६ विकलांच्या आसपास येते. चांगल्या डोळ्याची स्वतःची मर्यादा सुमारे एक कला, म्हणजे ६० विकला. याचा अर्थ निर्दोष भिंगाने दाखवलेले सगळ्यांत बारीक तपशील आठ पटीत डोळ्याला दिसतच नाहीत. म्हणून तर चाचणीवाले आयपीसमागे, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगामागे, दुसरी छोटी दुर्बीण लावतात, तिलाच आपण बूस्टर म्हणता. आणि ती लावून जे दिसतं ते ती काढल्यावर कोणालाच दिसत नाही! मला नाही, आपल्यालाही नाही.

अजून पुढे जाऊ. ८x४२ चा एक्झिट प्युपिल, म्हणजे दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी, ५.२५ मिलिमीटरची. भर उन्हात आपल्या बाहुलीचा व्यास दोन-अडीच मिलिमीटरवर येतो. म्हणजे त्या वेळी समोरच्या भिंगाचा मधला जेमतेम २० मिलिमीटरचा भागच डोळ्याच्या कामी येतो, बाहेरच्या कड्यातून आलेला प्रकाश बाहुलीच्या बाहेर पडून वाया जातो. बूस्टर मात्र सगळं भिंग वापरतो, त्या बाहेरच्या कड्यातले दोषही शोधून काढतो आणि निकाल जाहीर करतो. संध्याकाळी बाहुली मोठी होते हे मान्य, पण तेव्हा डोळ्याचीच तीक्ष्णता उतरलेली असते. मग मी लेखात काय तपासायला हवं होतं, दुर्बीण की बूस्टर?

आणि ट्रायपॉडवर जे कधीच कळत नाही त्याचं काय? घिरट्या घालणाऱ्या घारीमागे दुर्बीण फिरवा. काही दुर्बिणींत सगळं दृश्य एखाद्या गोलावर चिकटवल्यासारखं गडगडत जातं. हाच तो ग्लोब इफेक्ट. कडेपर्यंत रेषा सरळ ठेवायचा हट्ट धरला की तो वाढतो, म्हणून थोडं पिनकुशन विरूपण (कडेच्या रेषा किंचित आत वाकणं) मुद्दाम ठेवण्याची पद्धत आहे. २०१० मध्ये स्वारोव्स्कीची ईएल स्वारोव्हिजन दुर्बीण आली तेव्हा यावर केवढी चर्चा झाली! दुर्बिणींचे अभ्यासक, भौतिकशास्त्रज्ञ होल्गर मेर्लिट्झ यांनी तर विरूपण किती ठेवावं याचं गणित मांडलंय. काहींना हा परिणाम लगेच जाणवतो, काहींना जन्मात नाही. खिळून ठेवलेल्या दुर्बिणीत तो दिसणार कसा? डोळा किंचित सरकला की आयपीसमध्ये येणाऱ्या काळ्या सावल्यांचंही तेच. त्या हातात त्रास देतात. स्टँडवर डोकं स्थिर धरून बसलेल्या माणसाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. चौदाव्या वर्षी माझ्या हाती एक जुनी ७x५० पोरो (नागमोडी नळ्यांची) दुर्बीण आली, तिची एक नळी कुठेतरी आपटलेली. दहा मिनिटं पाहिलं की कपाळ ठणकायचं. प्रिझमचे स्क्रू फिरवून, चंद्राची दोन बिंबं एकमेकांवर आणायला मला एक आख्खा पावसाळा लागला (ढगांमुळे, अकलेमुळे नव्हे). पुढे एक महागडी दुर्बीण दुरुस्तीला दिली. परत आली ती ‘बेंचवर तपासली, ठीक आहे’ अशी चिठ्ठी घेऊन. यंत्राच्या मते ती ठीक होती. माझ्या डोक्याच्या मते नव्हती. पुन्हा पाठवली, पुन्हा तीच चिठ्ठी. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका वयस्क कारागिरानं ती नुसती डोळ्याला लावली आणि म्हणाला, ‘उजवी बाजू खाली गेलीय.’ तेव्हापासून बेंचवर माझा विश्वास किती आहे हे वेगळं सांगायला नको. तीस वर्षं या काचांतून पाहतोय मी. आपण किती वर्षं पाहताय ते आपल्या प्रतिक्रियेत कुठे आलं नाही.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. प्रकाशाचे आकडे मुद्दाम दिले नाहीत. उत्पादक एनएल प्युअरला ९१ टक्के सांगतो, व्हिक्टरी एसएफला ९२. ज्याला हा एक टक्का नुसत्या डोळ्यांनी कळतो त्याला माझा साष्टांग नमस्कार. आठ आणि दहा पटींची सरमिसळ झाली हे खरं, पण त्या सकाळी माझ्याकडे एसएफ दहा पटीचीच होती. दहा पटीत हाताचा कंप जास्त जाणवतो हे शेंबडं पोरही जाणतं, ते लेखात वेगळं लिहायची गरज मला वाटली नाही. नॉक्टिविडचं चित्र शांत आहे हे माझं मत त्यामुळे बदलत नाही. दहा पटीची नॉक्टिविड हाती आली तर पुन्हा पाहीन, पण ते आपल्या आग्रहाखातर नव्हे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ‘वाचून हसू आलं’ हे वाक्यही तसंच ठेवलं आहे.