फाटक पडलं की गणित मोडतं का?

काका, बेळगावच्या शहापुरातल्या चौकांचे ठिपके आणि गल्ल्यांच्या रेघा काढून घंटागाडीच्या फेरीचं गणित पोरांना शिकवतो, तो माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "ठिपके आणि रेघा काढून गाव कळत नाही. वन-वे आहेत, टिळकवाडीत रेल्वेचं फाटक पडतं, खडेबाजारात गर्दी असते. रस्ता मोबाईल दाखवतो, गॅसवाला तर न शिकता फिरतो. पोरांना हे कशाला?" रोखठोक बोललात, मीही तसंच बोलतो.

मोबाईल इथून तिथं जायचा जवळचा रस्ता दाखवतो. घंटागाडीला कुठं पोचायचंच नसतं. तिला प्रत्येक गल्ली घ्यायची असते, जमलं तर एकदाच. हाच प्रश्न क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांबद्दल होता आणि ऑयलर या गणितज्ञानं तो १७३६ च्या सुमारास निकालात काढला. सुरुवात आणि शेवट सोडला तर ज्या चौकात शिरलात तिथून बाहेर पडावंच लागतं, म्हणून गल्ल्या जोडीनं खर्च होतात. जिथं गल्ल्यांची संख्या विषम आहे असे चौक दोनाहून जास्त झाले, की कुठली तरी गल्ली दुसऱ्यांदा घ्यावीच लागते. निघालो तिथंच परत यायचं तर असा एकही चौक चालत नाही.

आता फाटक. चार तिठे घ्या, प्रत्येकातून उरलेल्या तिघांकडे एकेक गल्ली. एकूण ६ गल्ल्या, चारही तिठे विषम, फेरी होत नाही. यातली कुठलीही एक गल्ली बंद करा. तिच्या दोन्ही टोकांना सम संख्या येते, विषम दोनच उरतात आणि राहिलेल्या ५ गल्ल्या एका दमात होतात! क्योनिग्सबर्गचाही कुठलाही एक पूल नसता, तर तिथल्या लोकांचं फिरणं जमलं असतं. वर्गात हे आधी कुणालाच पटत नाही, पोरं पेन्सिल घेऊन भांडतात. मला ते भांडणच हवं असतं.

सहाही गल्ल्या घेऊन परत यायचंच असेल तर काही दुबार कराव्या लागतात. कमीत कमी अंतरात भागवायचं तर कुठल्या, हा प्रश्न ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञानं १९६० मध्ये मांडला. त्याचं उत्तर असं. विषम तिठ्यांच्या जोड्या लावायच्या, अंतराची बेरीज सगळ्यांत कमी येईल अशा. चार तिठ्यांच्या जोड्या तीनच तऱ्हांनी लागतात, तिन्ही तपासून बघा. मुरलेला ड्रायव्हर बहुतेक वेळा तीच निवड करेल. पण याहून कमी डिझेलमध्ये भागणारच नाही, हे त्याला छातीठोकपणे सांगता येईल का?

वन-वेचा नियम वेगळा आहे. निघालो तिथंच परत यायचं तर प्रत्येक चौकात आत येणाऱ्या गल्ल्या जितक्या, बाहेर जाणाऱ्याही तितक्याच हव्यात. तिठ्याच्या तिन्ही गल्ल्या वन-वे केल्या तर ते कधीच जुळत नाही. गर्दीसाठी रेघेवर अंतराऐवजी मिनिटं लिहायची. बाजाराच्या दिवशी आकडे बदलतात, त्यानं जोड्या बदलतील, पण विषम तिठा विषमच राहतो.

गॅसवाल्याला मात्र घंटागाडीच्या रांगेत उभं करू नका. त्याला ठरलेली घरं गाठायची असतात, एखादी गल्ली राहिली तरी बिघडत नाही. हा प्रश्न हॅमिल्टन या गणितज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जातीचा, त्याला सम-विषमासारखी सोपी कसोटी अजून कुणाला सापडलेली नाही. गोदाम धरून १० ठिकाणं असली आणि कुठूनही कुठं थेट जाता येत असलं, तर सुलटी आणि उलटी फेरी एकच धरूनही १,८१,४४० वेगवेगळ्या फेऱ्या होतात. इथं तुमच्यासारख्यांचा अनुभव खरोखर कामाला येतो. तेव्हा शहापुरात टेम्पो कुठल्या कोपऱ्यावर वळतच नाही, तेवढं लिहून पाठवा. पुढच्या नकाशात ती वळणं बंद करून पोरांना देतो.