बाहीवरचे चिन्ह आधी पाहावे
लेखकाच्या आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातील इटलीतल्या सेवेचा माग घरच्या आठवणी आणि एका छायाचित्राच्या आधारे काढणारा हा लेख मला फार मोलाचा वाटला. छायाचित्रात गणवेशाच्या बाहीवरील डिव्हिजनचे (अनेक पलटणी मिळून बनलेल्या मोठ्या सैन्यदलाचे) चिन्ह दिसत असेल तर ते आधी ओळखावे, कारण मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण तिथे आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये, तर १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे ज्या तिसऱ्या पलटणीचे होते, ती दहाव्या डिव्हिजनमध्ये लढत होती. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या याद्यांत केवळ मृतांचीच नावे असतात. सुखरूप परतलेल्यांसाठी पेन्शनचे आणि डिस्चार्जचे कागद, विशेषतः त्यांवरील सैनिक क्रमांक, हाच खरा दुवा ठरतो, म्हणून जुन्या ट्रंकेतला एकही कागद कृपया टाकून देऊ नये.