तिसऱ्या पातळीवर या, सुखी व्हा

ताळेबंद फिका दिसतोय? नवी मालमत्ता घेऊ नका, आहे तिचेच फेअर व्हॅल्यू (रास्त मूल्य) वाढवा. २०१३ पासून लागू झालेले आयएफआरएस १३ हे आंतरराष्ट्रीय हिशेब मानक सांगते, की मोजणीच्या दिवशी बाजारात सुरळीत व्यवहार झाला असता तर मालमत्ता विकून जी किंमत मिळाली असती ती धरावी. व्यवहार खरोखर व्हायलाच हवा असे नाही. तुमचे अर्धे काम इथेच झाले.

मानकात तीन पातळ्या आहेत. पहिलीवर चालत्या बाजारात जाहीर झालेला भाव लागतो. तो कुणालाही दिसतो, म्हणून तिथे थांबू नका. दुसरीवर व्याजदरासारखी, बाहेरून पडताळता येणारी माहिती लागते. तिथेही जरा कोंडल्यासारखेच होते. तिसरीवर मात्र महत्त्वाची गृहीतके तुमची स्वतःची. भाव पडले की ‘बाजार सुरळीत नाही’ म्हणत तिसरीवर या. भाव चढले की बाजारासारखा शहाणा दुसरा कोणी नाही.

आता जरा गणित. पुढच्या वर्षी १०० मिळणार, मग कायम दरवर्षी ३ टक्के वाढ, सवलत दर (पुढच्या पैशाची आजची किंमत काढण्याचा दर) १० टक्के: मूल्य सुमारे १,४२९. दहाचे नऊ करा, तेच मूल्य १,६६७ होते. धंद्यात काडीही हललेली नसते. हा एक टक्का कुठून आला असे विचारणारा भेटलाच, तर ‘व्यवस्थापनाचा अंदाज’ म्हणा आणि चहा मागवा.

अशा गृहीतकांचा खुलासा द्यावा लागतो हे खरे. पण किती कळू द्यायचे, ते बरेचसे तुमच्या हातात. सवलत दर ‘६ ते २४ टक्के’ असा लिहा. वापरलेला दर त्यात कुठेतरी असतोच, म्हणजे खोटेही नाही. अमेरिकी नियम भारित सरासरीही मागतात. आयएफआरएस १३ तशी सक्ती करत नाही, तेव्हा आपण कशाला सांगा? संवेदनशीलतेबद्दल, म्हणजे गृहीतक बदलले तर मूल्य कसे बदलेल याबद्दल, ‘दर वाढल्यास मूल्य घटेल’ एवढे पुरे, जणू वाचणाऱ्याला ते ठाऊकच नव्हते. शेअर, रोख्यांसारख्या वित्तीय साधनांसाठी मात्र आकडे द्यावे लागू शकतात, तेव्हा ती टीप शक्य तितकी मागे ढकला.

स्वतंत्र मूल्यमापक जरूर नेमा, गृहीतके त्याला तुम्हीच पुरवा. तो लिहील, माहिती व्यवस्थापनाची. तुम्ही लिहा, मूल्य तज्ज्ञाचे. ऑडिटरने दोन्ही कागद फाइलला लावले की झाले.

सगळ्यात गोड युक्ती देण्यांची. कंपनीची पत घसरली की तिच्या कर्जाचे फेअर व्हॅल्यूही घसरते, आणि ती घट नफा म्हणून दाखवता येत असे. २००८ च्या संकटात मोठ्या बँकांनी असा नफा दाखवलाही. पुढे आयएफआरएस ९ या वित्तीय साधनांच्या मानकाने तो बहुतेक वेळा नफा-तोटा पत्रकाबाहेर काढला. डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या कशाच्या तरी भावावर किंवा दरावर मूल्य ठरणारे करार) देण्यांवर मात्र ही सोय अजून शाबूत आहे. पत घसरत असेल तर ती देणी जपून ठेवा.