‘एक ओळ टाका आणि विसरून जा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गुंतवणुकीच्या आणि प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. थोडक्यात असा: म्युच्युअल फंडांच्या एनएव्हीची (एका युनिटच्या किमतीची) फाईल ॲम्फीच्या, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, साइटवरून रोज हाताने कशाला उतरवता? कर्लची (पत्ता दिला की फाईल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमची) एक ओळ लिहा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत) टाका आणि विसरून जा. एरर आली नाही म्हणजे फाईल आली. साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटने कटकट केली तर कर्लला ‘डॅश के’ हा पर्याय लावा. ब्राउझरला दिसतं ते कर्लला मिळतंच. आणि डेटा सार्वजनिक आहे, तेव्हा हवा तितक्या वेळा ओढा.

हे काम कर्लने करावं, याला माझी हरकत नाही. उलट कर्लचा जन्मच अशा कामातून झाला. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना आयआरसी या गप्पांच्या जाळ्यावरच्या एका बॉटसाठी (आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) चलनांचे दर आपोआप हवे होते. त्यासाठी त्यांनी हाती घेतलेला छोटासा प्रोग्रॅम वाढत गेला आणि 1998मध्ये ‘कर्ल’ या नावाने बाहेर आला. हरकत आहे ती ‘विसरून जा’ला.

‘एरर आली नाही म्हणजे फाईल आली.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. सर्व्हरने 404 दिला तरी कर्लच्या लेखी काम फत्ते झालेलं असतं. ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारं एचटीएमएल ते तुम्ही दिलेल्या नावाने गुमान सेव्ह करतं आणि शून्य हा यशाचा कोड परत देतं. ‘फेल’ हा पर्याय लावला तरच 22 नंबरची एरर येते. पत्ता बदलला असेल आणि सर्व्हर नव्या पत्त्याकडे बोट दाखवत असेल, तर ‘डॅश कॅपिटल एल’ दिल्याशिवाय कर्ल तिकडे जातच नाही. डब्ल्यूगेट, म्हणजे फाईली उतरवणारं दुसरं साधन, इथे जास्त समजूतदार: स्वतःहून नव्या पत्त्यावर जातं आणि 404 आला तर एरर देतं.

फाईल खरी आली तरी आत काय आहे ते बघावंच लागतं. ॲम्फीची फाईल म्हणजे अर्धविरामांनी तोडलेला मजकूर. पण मध्येमध्ये रिकाम्या ओळी, योजनांच्या प्रकारांची शीर्षकं, फंड हाऊसांची नावं. काही योजनांपुढे आकड्याऐवजी ‘एन.ए.’. रविवारी उतरवलेल्या फाईलमध्ये बहुतेक इक्विटी योजनांसमोर शुक्रवारचीच तारीख असते. फाईलच्या नावात रविवार घालून ती आजची म्हणून साठवली, की आलेख चुकलाच. तारीख फाईलच्या आतून घ्यावी.

आणि थेट कालच्या फाईलवर आजची उतरवू नये. मध्येच नेट गेलं तर कर्ल एरर देईल, पण तोवर कालची चांगली फाईल गेलेली असेल. तात्पुरत्या नावाने उतरवा, पहिली ओळ ‘स्कीम कोड’ने सुरू होते का आणि ओळी नेहमीइतक्या आहेत का ते तपासा, मगच नाव बदला. चार ओळींचं शेल स्क्रिप्ट (कमांडांची छोटी फाईल) पुरतं.

‘क्रॉनमध्ये टाका.’ जरूर टाका, पण क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, हे कुणी सांगत नाही. फाईलच्या नावात तारीख यावी म्हणून ‘डेट’ कमांडला दिलेला % तिथे कमांड अर्ध्यात तोडतो. टर्मिनलवर छान चाललेली ओळ रात्री क्रॉनमध्ये मरते, आणि तक्रार जाते त्याच मशीनवरच्या अशा मेलबॉक्सात, जो कुणी उघडत नाही. % च्या आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर सगळं स्क्रिप्टमध्ये हलवा. भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो. आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा. लॅपटॉप झाकलेला असेल तर साधं क्रॉन ती वेळ चुकवतं आणि नंतर भरूनही काढत नाही. त्यासाठी ॲनाक्रॉन आहे.

‘डॅश के लावा.’ नका लावू. त्याने सर्टिफिकेटची अडचण सुटत नाही, फक्त तपासणी बंद होते. समोर खरंच तीच साइट आहे का, हे मग कुणीच बघत नाही. बऱ्याचदा सर्व्हरने मधलं, म्हणजे साइटचं सर्टिफिकेट मूळ विश्वासू संस्थेशी जोडणारं, सर्टिफिकेट पाठवलेलं नसतं. ब्राउझर ते स्वतः मिळवून वेळ मारून नेतो, कर्लला ते जमतंच असं नाही. ते सर्टिफिकेट एकदा उतरवून घ्या आणि कर्लला त्या फाईलचा पत्ता द्या.

‘ब्राउझरला दिसतं ते कर्लला मिळतंच.’ नाही. आजच्या कित्येक पानांवरची कोष्टकं जावास्क्रिप्ट मागाहून भरते. कर्लच्या हाती येतो नुसता सांगाडा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ टॅब उघडून खरा डेटा कुठल्या विनंतीतून येतो ते शोधावं लागतं. तिथे ‘कॉपी ॲज कर्ल’ आहे, सोय झकास आहे. मात्र त्या ओळीत तुमच्या कुकीजही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणा) येतात. लॉगिन केलेल्या साइटची ती ओळ ग्रुपवर टाकणं म्हणजे अनोळखी माणसाला आपलं खातं उघडून देणं. वर ती कुकी काही काळाने मरते, म्हणजे इथेही ‘विसरून जा’ नाहीच.

राहता राहिलं ‘हवा तितक्या वेळा ओढा’. डब्ल्यूगेटला ‘डॅश कॅपिटल एन’, कर्लला ‘डॅश झेड’ दिलं की फाईल बदलली असेल तरच उतरते, अर्थात सर्व्हर बदलाची वेळ सांगत असेल तर. अनेक फाईली ओढायच्या तर डब्ल्यूगेटला ‘वेट’ देऊन मध्ये काही सेकंद थांबवता येतं. एनएव्ही तर दिवसातून एकदाच जाहीर होते. दर पाच मिनिटांनी तीच फाईल ओढून नवीन काय हाती लागतं, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनीच सांगावं.