खुलासा: सिग्नलला गाडी बंद पडते म्हणजे फ्युएल पंपच गेला असं नाही

कोथरूड-वारज्याच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरून बंद पडली तर फ्युएल पंप (टाकीतून इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप) गेलाय, लगेच बदला. हे अर्धवट आहे. पंप कमजोर झाला की गाडी सहसा लोडवर मार खाते, म्हणजे कात्रजचा घाट चढताना दम तोडते, आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल लागतंच किती!

आयडलला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळपास बंद असतो, हवा अगदी थोडी आत जाते, त्यामुळे व्हॅक्युमचा एखादा रबरी पाइप चिरला किंवा इनटेकचं (हवा आत नेणाऱ्या मार्गाचं) गास्केट गेलं तरी जास्तीची हवा शिरते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) 2000 वर नेला की थरथर जाते का बघा, गेली तर पहिला संशय या हवेच्या गळतीवरच. तशीच राहिली तर ठिणगी पाडणारे प्लग, कॉइल बघा. आणि ब्रेक मारून थांबतानाच बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतली काजळी, आयडल व्हॉल्व्ह (आयडलला हवा सांभाळणारी झडप), हे आधी साफ करून घ्या, पंपापेक्षा खूप स्वस्तात होतं.

गाडीतला बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरवर पी0171 कोड आला म्हणून पण पंप ठरत नाही, तो कोड एवढंच सांगतो की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, कारण हवेची गळती असू शकते किंवा खरंच पंप. फ्युएल प्रेशर गेज (पेट्रोलचा दाब मोजायचं मीटर) लावून मोजलं की कळतं. मोजल्याशिवाय बदलू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.