घड, फणी आणि टूलिस्ट

बाराशे घडांची वजनं. तीस ओळी, चाळीस रकाने. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून उचलायची आणि ब्राउझरच्या पडद्यावर दाखवायची, काम एवढंच. आकडे नमपायकडे, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या जोड-लायब्ररीकडे, अ‍ॅरे नावाच्या तक्त्यात होते. नमपायची अ‍ॅरे जेसन मॉड्यूलच्या, म्हणजे ब्राउझरला कळेल असा मजकूर लिहिणाऱ्याच्या, हाती दिली, तर लाल अक्षरांत उत्तर आलं: 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप एनडीअ‍ॅरे इज नॉट जेसन सीरियलायझेबल.' आकडेमोडीसाठी जिची जगभर वाहवा, तिला आकडे लिहून मागितले की हिचे हात वर! तेही गिळलं असतं. पण जागा सावद्याची केळीची आडत, महिना मे, आणि कूलरसमोरची एकुलती एक खुर्ची अडवून आप्पा बसलेले.

"काय म्हनतं ते?"

"आकडे लिहिता येत नाहीत म्हणतं, आप्पा."

"कायले? शाळेत नही गेलं का?"

कारण आप्पांना सांगण्यासारखं नव्हतं. जेसन मॉड्यूल फक्त घरची माणसं ओळखतं: डिक्शनरी, लिस्ट, टपल, मजकूर, इंट (पूर्णांक), फ्लोट (दशांशी आकडा), खरं-खोटं आणि नन (काहीच नाही). नमपाय पडली बाहेरची. तिची १.० आवृत्ती २००६ सालची, जेसन मॉड्यूल पायथन २.६ सोबत २००८ साली आलं. इतकी वर्षं शेजारी राहून अजून ओळख नाही. त्यातही वशिला आहेच. फ्लोट६४ चा, म्हणजे नमपायच्या ६४ बिटी फ्लोटचा, सुटा आकडा बिनबोभाट आत जातो, कारण तो पायथनच्या फ्लोटचाच वंशज. फ्लोट३२ आणि इंट६४ दारातच अडतात. म्हणून एक आकडा देऊन चाचणी घेतली की सगळं छान वाटतं.

"नुसतं लिहून टाक ना," आप्पा म्हणाले. अ‍ॅरेला एसटीआर, म्हणजे मजकूर करून देणारं फंक्शन, लावून बघितलं. हजाराच्या वर आकडे असले की नमपाय सुरुवातीचे आणि शेवटचे तीन-तीन ठेवते आणि मधे टिंबं देते.

"मधले घड कोनी खाल्ले?"

मग लिस्ट लावली. पुन्हा तीच लाल ओळ. इथून पुढचं मला अजून खुपतंय, कारण आप्पांना संगणक कशाशी खातात ते माहीत नाही आणि तरी बोलले ते तंतोतंत बरोबर.

"तू काय केलं नेमकं?"

"मोठ्या अ‍ॅरेचे तुकडे केले."

"म्हंजे घडाच्या फण्या केल्या. फणी म्हंजे केळं का भो? गिऱ्हाईक फणी तोंडात घालतं का?"

लिस्ट वरची एकच पातळी फोडते. आतली प्रत्येक ओळ अ‍ॅरेच राहते. म्हणून आतल्या ओळींनाही लिस्ट लावली. आता तक्रार फ्लोट३२ ची, वजनं त्याच प्रकारची.

"आता केळं सुटलं ना?"

"सुटलं."

"साल काढली का?"

नव्हती काढली. आकडा सुटा झाला तरी अंगावर नमपायचीच साल. नमपायचं टूलिस्ट हे फंक्शन घडापासून गरापर्यंत एका दमात सोलतं, कितीही पातळ्या असोत. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट कूलर अडवणाऱ्या माणसाकडून ऐकून घ्यायची, याला काय म्हणावं?

टूलिस्ट लावलं, यादी उमटली. आप्पांनी चष्मा चढवला. "हा घड माह्यासमोर मोजला. १८.४ होता. हे काय लिहिलं?"

पडद्यावर १८.३९९९९९६१८५३०२७३.

"कॉम्प्युटरबी वजनात कडता मारतो का?"

फ्लोट३२ मध्ये १८.४ नेमका मावतच नाही. जवळचा आकडा साठतो, आणि टूलिस्ट त्याचा दुप्पट रुंदीचा फ्लोट करतं तेव्हा तो फरक उघडा पडतो. आधी फ्लोट६४ करा, मग एका दशांशावर राउंड, मग टूलिस्ट; क्रम चुकवून फ्लोट३२ वरच राउंड केलं तर कडता कायम. हे सगळं आप्पांना सांगितलं. त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जशी भुईकाट्यावरच्या माणसाकडे शेतकरी पाहतो.

पुढे पान कोरंच राहिलं. दोन घडांची वजनं नोंदलेली नव्हती, तिथे नॅन, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण. जेसनच्या आरएफसी ८२५९ मध्ये, म्हणजे २०१७ च्या नियमातही, नॅन चालत नाही. पायथन मात्र मुकाट लिहून देतं आणि ब्राउझर 'एन' अक्षराला ठेचकाळतो. चूक इकडची, बोंब तिकडची! डीफॉल्टचं फंक्शन, म्हणजे अनोळखी वस्तू आली की जेसन ज्याला हाक मारतं ते, लिहून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नये. नॅन हा फ्लोटच, त्यासाठी ते कुणी बोलावतच नाही. अलाऊ-नॅन फॉल्स केलं, म्हणजे नॅनला मनाई केली, की निदान घरातच ओरड होते. बाकी अ‍ॅरे काहीही ठेवता येईल अशा ऑब्जेक्ट प्रकारात बदलून नॅनच्या जागी नन ठेवायचं, जेसनमध्ये ते नल होऊन उतरतं. आठ बाइटचा आकडा सतरा-सतरा अंकांपर्यंत लिहिणाऱ्या या पद्धतीत रिकामी जागा दाखवायलाही इतके सोपस्कार.

शेवटी गटवार बेरीज डिक्शनरीत भरली. चावी (की) म्हणून गट क्रमांक, तो इंट६४. 'कीज मस्ट बी...' अशी नवी ओळ, आणि चावीसाठीही डीफॉल्ट धावून येत नाही. प्रत्येक क्रमांक आपणच इंट करायचा. वैतागून ती ओळ मोठ्यानं वाचली.

आप्पा पहिल्यांदाच खुर्चीतून उठले आणि बंडीचे खिसे चाचपू लागले. "कपाटाची का गल्ल्याची? माह्याकडं दोन्ही हायेत."

मी गुपचूप कूलरसमोर जाऊन बसलो.