मध्ययुगात जायचंच असेल तर

परवा एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामेभाऊ माझ्या शेजारी जेवायला बसला. डोक्यावर भाड्याचा फेटा, कमरेला भाड्याची तलवार, आणि ती म्यानातून निसटू नये म्हणून मुठीपाशी पारदर्शक चिकटपट्टी. जिलबी मोडता मोडता म्हणाला, "काका, आपण चुकीच्या शतकात जन्मलो. तेव्हा कसं, शब्दाला किंमत होती. टॅक्स नाही, बॉस नाही, ईएमआय नाही." तेवढ्यात वाढपी मठ्ठा घेऊन आला आणि विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांना तिकडे जायचंय, हे मला फॉरवर्ड्सवरून ठाऊक आहे. म्हटलं, चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. ऐनवेळी अडचण नको.

पहिली गोष्ट म्हणजे पदाची. तिकडे निघालेला प्रत्येक माणूस राजवाड्यातली जागा धरूनच निघतो. पूर्वजन्मी आपण सरदार असणार, असं सांगणारे मला डझनावारी भेटलेत. पूर्वजन्मी शेणखत वाहत होतो, असं सांगणारा अजून एकही नाही. आता एक सरदार पोसायला किती माणसं शेतात वाकावी लागतात याचा हिशेब करा. कुठल्याही खंडात गेलात तरी तो हिशेब फारसा बदलत नाही. तेव्हा अर्जात 'हुद्दा' या रकान्यापुढे मुकाट्यानं 'शेतावर' लिहावं.

थंडी सोसत असेल तर इंग्लंड बघा. तिथे 1086 साली राजा विल्यमनं मुलूख मोजून कुठे किती नांगर, किती गिरण्या, किती कुळं हे लिहवून घेतलंय, म्हणजे कागदपत्रांची चिंता नाही. तुम्ही तिथे 'व्हिलन' असाल. दचकू नका, खलनायक नव्हे, जमीनदाराच्या गावाला बांधलेलं कूळ. (त्याच शब्दाचा खलनायक पुढे झाला. गरिबाच्या नावाची शिवी व्हायला फार वेळ लागत नाही.) ईएमआय नाही हे खरंच. त्याऐवजी आठवड्यातले दोन-तीन दिवस जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं. सुगीत आणखी जास्त, आणि तेही नेमकं कोरडं ऊन पडलेल्या दिवशी, कारण ऊन त्याच्याही पिकाला हवं असतं. मुलीचं लग्न ठरवलंत तर जमीनदाराला पैसे मोजायचे. लग्नाआधीच तिचं पाऊल वाकडं पडलं तर त्याचा दंड निराळा. तुम्ही मेलात की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदार नेणार आणि त्याच्या खालोखालचं पाद्री. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे चपला झिजवणाऱ्यांना हे आवडेल. मयताच्या दोन्ही बाबी दोन जनावरांत उरकतात.

दळणाचं मात्र नीट समजून घ्या, कारण घरोघरी भांडण लागेल ते त्यावरून. पीठ जमीनदाराच्याच गिरणीत दळायचं आणि दळणावळ म्हणून धान्यातला वाटा तिथेच ठेवायचा, असा दंडक. म्हणजे घरी जातं ठेवणं हा गुन्हा. सेंट ऑल्बन्सला जमीनदार होता मठ. लोक तरीही चोरून घरी दळायचे. तिथला महंत, वॉलिंगफर्डचा रिचर्ड, हा साधासुधा माणूस नव्हता. ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं घड्याळ करणारा मोठा गणिती. त्यानं 1330च्या आसपास गावातली जाती जप्त केली. नुसती जप्त करून कोठीत टाकली असती तर गोष्ट वेगळी. त्यानं त्या दगडांची मठाच्या बैठकीत फरशी करून घेतली. आता डोळ्यांपुढे आणा: काही तक्रार घेऊन तुम्ही महंतांकडे जाताय, टोपी हातात, आणि पायाखाली तुमच्या आजीचं जातं.

पन्नास वर्षं लोक त्यावरून चालले. 1381च्या बंडात गावकरी मठात घुसले आणि त्यांनी ती फरशी उखडली. दगडांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे एकमेकांना वाटले. त्यानंतर काही आठवड्यांतच पुढाऱ्याला फाशी झाली आणि बंडवाल्यांना दिलेली वचनं राजानं मागे घेतली. शब्दाला किंमत होती ती ही. तुकडा मिळालाच तर जपून ठेवा, पण दर्शनी भागात नको.

साथीच्या काळात गेलात तर थोडा फायदा आहे. 1348ला प्लेग आला, माणसं पटापट मेली, उरलेल्यांनी मजुरी वाढवून मागितली. लगेच 1351 साली कायदा आला: मजुरी साथीच्या आधी होती तेवढीच. तरीही काही मंडळी बरे कपडे घालू लागली, म्हणून 1363 साली आणखी एक कायदा. नांगऱ्यानं, गाडीवानानं, मेंढपाळानं अंगावर जाडंभरडं लोकरीचं कापडच घालावं. हा कायदा 1365 साली गुंडाळला. तेव्हा फेटा घेऊन निघणार असाल तर जानेवारी 1365 नंतरची तारीख धरा.

अभ्यासू घरातला मुलगा असेल तर त्याला चीनमध्ये पाठवा, सोंग राजवटीत. तिथे वशिला चालत नाही, स्पर्धा परीक्षा आहे. पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत आठ वर्षं काढलेल्या कुणालाही तिथे परकं वाटणार नाही. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकतात. अक्षर ओळखून कुणी मार्क वाढवू नयेत म्हणून अकराव्या शतकात कारकून बसवून अख्खी उत्तरपत्रिका नव्यानं उतरवून काढत, आणि परीक्षकापुढे ती नक्कल जाई. हे ऐकून आमच्या शेजारच्या पोराचे डोळे पाणावले. परीक्षा तीन वर्षांनी एकदा, आणि पोरगं वीस-पंचवीस वर्षं पुस्तकात डोकं घालून बसेल तोवर शेत कोण कसणार, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. तो घरच्यांनी सोडवायचा असतो. पुन्हा पुन्हा नापास होऊन दाढी पिकलेल्यांना वेगळ्या, सोप्या यादीतून पदवी देण्याचीही सोय होती, म्हणजे आशा कधीच संपत नाही. मुलगी असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

घराणेशाहीचा ज्यांना मनापासून तिटकारा आहे त्यांनी कैरो गाठावं. 1250 पासून तिथे गुलामांचं राज्य. थट्टा नाही. काळ्या समुद्राच्या पलीकडच्या गवताळ प्रदेशातली पोरं विकत आणायची, मुसलमान करायची, घोडा आणि भाला शिकवायचा, मग मुक्त करायचं. त्यातूनच सरदार, त्यातूनच सुलतान. कलाऊन नावाच्या सुलतानाला 'अल्फी' म्हणत, म्हणजे हजारी; हजार दिनारांना घेतला होता म्हणून. आपल्याकडे उमेदवार निवडून आल्यावर त्याचा भाव कळतो, तिथे आधी कळायचा. बैबर्स नावाच्या दुसऱ्या एका गुलामाच्या एका डोळ्यात फूल होतं आणि त्यामुळे गिऱ्हाइकानं त्याला परत केलं, अशी गोष्ट सांगतात. परत आलेला माल पुढे मंगोलांविरुद्ध लढला आणि त्याच 1260 साली, लढाईहून परतताना, आपल्याच सुलतानाच्या खुनात सामील होऊन गादीवर बसला. बढतीसाठी मुलाखत वगैरे नाही.

आणि नियम कसा चोख! मामलुकाचा, म्हणजे अशा विकत आणलेल्या गुलाम-सैनिकाचा, मुलगा मामलुक होऊ शकत नाही, कारण तो स्वतंत्र मुसलमान म्हणूनच जन्मलेला असतो. बापाची जागा पोराला नाही. हे वाचून मला इतकं भरून आलं की पुढचं पान उलटायला नको होतं. त्या हजारी कलाऊनचीच मुलं, नातवंडं, पणतवंडं 1382 पर्यंत, मध्ये थोडा खंड सोडला तर, गादीवर होती. त्याचा एक मुलगा तर तीन वेळा बसला, दोनदा उतरला. कारभार अर्थात सरदारांच्या हातात. म्हणजे पोरगं फक्त फ्लेक्सवर. तेव्हा तिथे पोचलात की जुळवून घ्यायला वेळ लागणार नाही.

फक्त फिरायला जायचं असेल तर इब्न बतूताचा कित्ता गिरवा. मोरोक्कोचा हा गृहस्थ आमंत्रण असो-नसो, राजाच्या दारात हजर. मालीच्या राजाची श्रीमंती त्या काळी दंतकथेसारखी पसरली होती. 1324 साली मन्सा मूसा हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भाव पडला. बतूता 1352 साली मालीला गेला तेव्हा गादीवर मूसाचा भाऊ सुलेमान होता. राजाकडून भेट आलीय, उठा, असा निरोप आला. बतूताला वाटलं, भरजरी झगे असतील, पैसे असतील. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्याच्या तुंब्यात आंबट दही. तो हसत सुटला, असं त्यानं स्वतःच सांगितलंय. लग्नात पाचशेचं पाकीट देऊन हातात स्टीलची वाटी पडलेल्या कुणालाही हे हसू ओळखीचं वाटेल. पुढे त्यानं राजाच्या तोंडावर तक्रार केली आणि घर, भत्ता मिळवला. तुम्ही तक्रारीला जाणार असाल तर कपडे जुने घाला. त्या दरबारात राजा बोलला की डोक्यावर धूळ उधळून घ्यायची रीत आहे.

दारू पीत असाल तर मेक्सिको टाळा. अॅझ्टेक राज्यात पिऊन झिंगलेल्याला देहदंडापर्यंत शिक्षा. सत्तरी गाठलेल्या आजीआजोबांना मात्र परवानगी. सुती कापडही बड्यांसाठीच. तुमच्यासाठी घायपाताच्या धाग्याचं. सुट्टे पैसे म्हणून कोकोच्या बिया चालतात, पण प्रत्येक बी दाबून बघा. आतला गर काढून माती भरणारे कलाकार तिथल्या बाजारातही आहेत.

नोटांचा वगैरे राग असलेल्यांनी दिल्लीही टाळावी, विशेषतः 1330च्या सुमाराची. मुहम्मद तुघलकानं तांब्या-पितळेचं नाणं काढलं आणि हुकूम केला की हे चांदीच्या टंक्याच्या मोलाचं. लोक आज्ञाधारक, त्यांनी घरोघरी टांकसाळ उघडली. शेवटी सुलतानानं ती नाणी परत घेऊन चांदी दिली आणि तुघलकाबादेत तांब्याचे ढीग दगडांसारखे पडून राहिले. त्याच्याआधी 1327 साली त्यानं राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली होती, म्हणजे सरकारी बदली काय असते ते अनुभवायला दौलताबादेतच थांबलात तरी चालेल.

उरला आपला मुलूख. भाषेची अडचण नाही, हवा ओळखीची, ज्वारीची भाकरी मिळते. मामेभावाला खरं तर इथेच यायचंय. आता इथेही हुद्द्याचा प्रश्न आहेच, आणि इथे तो भरायची तसदी घ्यावी लागत नाही. तुम्ही जन्मता तेव्हाच तो भरलेला असतो. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. कोण कुठल्या विहिरीवर, कोण देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत, हेही. मंगळवेढ्याला 1338 साली गावकुसाच्या भिंतीचं काम चालू होतं. वेठीला धरलेल्या महारांत चोखोबा होते. भिंत कोसळली, माणसं आत गाडली गेली. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं ती नामदेवांनी वेचून पंढरपूरला आणली, अशी परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वारासमोर, पायरीपाशी. दाराबाहेर. आत जायला चोखोबांच्या माणसांना 1947 साल उजाडावं लागलं, आणि तेही साने गुरुजी उपोषणाला बसले म्हणून.

तर 1338 ला पोचणार असाल तर मंगळवेढ्याच्या वाटेनं जा, भिंतीवर माणसं हवीच आहेत. फेटा घरी ठेवला तरी चालेल. पाटी आणि फावडं आपलं आपण न्यायचं की तिथे देतात, तेवढं आधी विचारून घ्या.